केबलचे बॉक्स आणि गच्चीवरची डिश : समितीस पत्र

दिनांक : १५ ऑक्टोबर २०१२

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, मुंबई

विषय : सेट-टॉप बॉक्सची वर्गणी व डिशवरील बंदी यांचा फेरविचार करणेबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

जिन्यात लावलेली नोटीस वाचली. प्रत्येक फ्लॅटने बॉक्सचे पैसे ऑफिसात जमा करायचे, समिती ते केबलवाल्याला एकरकमी देणार आणि गच्चीवर कोणी डिश लावायची नाही, असा तिचा आशय. ‘एकदाचं काम उरकून जाईल’ हा समितीचा हेतू मला समजतो. पण दोन्ही निर्णय मागे घ्यावेत, अशी माझी विनंती आहे.

मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत केबल डिजिटल करण्याची मुदत आधी ३० जून होती, ती आता ३१ ऑक्टोबर आहे. आजवर आपल्याकडे वायरमधून सगळे चॅनेल उघडेच येत. वायर टीव्हीला जोडली की झालं. यापुढे चॅनेल कुलूपबंद येतील आणि बॉक्समधल्या कार्डाने उघडतील. कोणत्या घरात कोणता बॉक्स आणि त्यावर कोणते चॅनेल, हे कंपनीच्या संगणकात ग्राहकाच्या नावाने नोंदलेलं असेल. त्यासाठीच तर फॉर्म भरून घेतात. मग हा व्यवहार ग्राहक आणि केबलवाला यांच्यातला झाला, त्यात सोसायटी मध्ये कशाला? उद्या बॉक्स बंद पडला आणि पावती सोसायटीच्या नावाची निघाली, तर तक्रार करायची कोणी? शिवाय बॉक्स विकत घ्यायचा की भाड्याने, हे ग्राहकाने ठरवायचं, असं ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, नियमांत आहे. आपल्या नोटिशीत भाड्याचा उल्लेखच नाही.

बऱ्याच घरांत एका वायरला स्प्लिटर लावून बेडरूममधला दुसरा टीव्ही चालतो. आता प्रत्येक टीव्हीला वेगळा बॉक्स लागेल, म्हणजे ‘प्रत्येक फ्लॅटला एक’ हा हिशेबच चुकतो. आमच्या शेजारच्या आजींचा टीव्ही इतका जुना आहे की मागे लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागाच नाही, नुसतं अँटेनाचं भोक आहे. त्यांना त्या भोकात वायर जाईल असा बॉक्स हवा. तो मिळतो की नाही हे न विचारता त्यांच्याकडून पैसे घेणं बरं नव्हे. त्यांना दोन रिमोट हाताळायला शिकवायचं काम माझ्याकडे आलंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

पॅकेजचंही तेच. ट्रायने किमान १०० फ्री-टू-एअर (म्हणजे चॅनेलचे वेगळे पैसे नसलेल्या) चॅनेलचं मूळ पॅकेज महिना १०० रुपयांत, कर वेगळे, देणं बंधनकारक केलं आहे. त्यात सह्याद्री मिळेल. पण संध्याकाळी घरोघरी ज्या मालिका लागतात, ते बहुतेक मराठी चॅनेल पे आहेत, त्यांचे पैसे वर. ज्याला बातम्या आणि सह्याद्री पुरे, त्याने सगळ्यांच्या बरोबरीने मोठं पॅकेज का घ्यावं?

आता डिशबद्दल. ड्रिल मारून वॉटरप्रूफिंग फोडलं तर वरच्या मजल्यावर गळती होते, हे मान्य. दोन पावसाळे आपण ती भोगली आहे. पण त्यावर उपाय आहे. पाण्याच्या टाकीशेजारी लोखंडी स्टँड ठेवून त्यावर सिमेंटचे ब्लॉक दाबायचे, सगळ्या डिश तिथेच लावायच्या आणि वायरी डक्टमधून खाली आणायच्या. भोक एकही नको. मुसळधार पावसात डिशचं चित्र जातं, हे ज्याचं त्याने बघावं. पण डिश घेता येते एवढ्यानेच केबलवाला दराबाबत जरा नरमतो. ती वाटच बंद केली तर त्याला कशाची फिकीर? दूरदर्शनच्या डीडी डायरेक्ट प्लसला तर डिश आणि बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचं भाडं नाही. नुसत्या पेन्शनीवर जगणाऱ्या दोन-तीन घरांना तेवढं पुरेल.

या निमित्ताने आणखी एक. मीटर रूममध्ये केबलवाल्याचा अॅम्प्लिफायर (सिग्नल वाढवणारं यंत्र) आपल्या कॉमन मीटरवर चालतो. वर्षानुवर्षं त्याची वीज आपण भरतो आणि कोणी विचारत नाही. नवी यंत्रणा बसवायला तो येईलच, तेव्हा हा हिशेब मिटवावा.

वॉचमनच्या केबिनमधल्या टीव्हीसाठी बॉक्स घ्यायची गरज नाही. त्याला अँटेना आहे आणि वरळीच्या मनोऱ्यावरून येणारं दूरदर्शन ३१ तारखेनंतरही दिसेल, कारण बदल फक्त केबलपुरता आहे. नोटिशीत ‘सर्व टीव्ही बंद पडतील’ असं लिहिलंय, ते तेवढं दुरुस्त करावं. लोक उगाच घाबरलेत.

तेव्हा वर्गणी घेणं थांबवावं, ज्यांनी दिली त्यांना परत करावी, आणि स्टँडचा विषय दसऱ्याआधीच्या समितीच्या बैठकीत घ्यावा. फॉर्म भरायला ज्येष्ठांना मदत हवी असेल तर दोन संध्याकाळी मी ऑफिसात बसायला तयार आहे. गच्चीची किल्ली मात्र तोवर केबलवाल्याच्या माणसाकडे ठेवू नये.

कळावे,
आपली विश्वासू,
सभासद, बी विंग, तिसरा मजला