सईला हॉस्टेलवर सोडायला याल तेव्हा

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

सईला सोडायला तुम्ही दोघंही पुण्याला येताय, असं दादा म्हणाला. जरूर या. पण एक गोष्ट आधीच लिहून ठेवते, कारण गाडीतून गाद्या-बादल्या उतरवताना ती बोलता येणार नाही. बाबा, थोडा राग येईल, पण पुरतं वाचा.

खोली तिघींची आहे. बाकीच्या दोघींच्या घरचेही त्याच दुपारी येतात आणि पाच मिनिटांत कुणीतरी विचारतंच, "आडनाव काय? मूळचे कुठले? तुमच्यात कोण?" मालवणात याच प्रश्नांतून नाती निघतात, हे कबूल. हॉस्टेलच्या खोलीत मात्र त्यातून माप काढलं जातं. जिला उत्तर द्यायचं नसतं, ती पहिल्याच दिवशी भिंतीकडे तोंड करून बसते. विचारायचंच तर प्रवासाला किती तास लागले, शाखा कुठली, खिडकीजवळची खाट कुणाला हवी, हे विचारा. आडनाव तिने आपण होऊन सांगितलं तर ऐका.

याच प्रश्नाचा दुसरा अवतार मुलांमध्ये चालतो : "सीईटीला किती पर्सेंटाइल? कितव्या राऊंडला लागलीस?" आकडा कळला की कटऑफशी ताडून कॅटेगरी काढायची. मग प्रॅक्टिकलचे गट जुळताना 'कोट्यातली' कुणालाच नको असते. गट एकदा पडला की जर्नल, असाइनमेंट, व्हायवाची तयारी सगळं सेमिस्टरभर त्यातच होतं, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यातलं टोचून बोलणं थेट निकालात उतरतं. सईने हा प्रश्न विचारू नये आणि कुणी विचारला तर आकडा सांगूही नये. तिचे गुण चांगले आहेत म्हणून तर मुळीच नाही.

'पानी', 'आनि' म्हणणाऱ्याला पुण्यात हसतात. नंदुरबारकडच्या कितीतरी मुली घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात, मराठी त्यांना शाळेत भेटते. दोनदा हशा झाला की अशी मुलगी वर्गात शंका विचारणं सोडते आणि बॅकलॉगची सुरुवात तिथेच होते. सईच्या 'माका-तुका'लाही हसतील. तेव्हा स्वतःवरचं हसू तिने दुसरीवर ढकलू नये, एवढं तिच्या कानावर घाला. तिसरीला मराठी येत नसेल तर दोघींनी मध्येमध्ये हिंदीत सांगायचं. नाहीतर आपल्याबद्दलच कुजबुजतायत असं तिला वाटत राहतं.

आता जेवण. बहुतेक भांडणं इथेच होतात. जैन मुलगी सूर्यास्तापूर्वी जेवणारी असेल तर पुण्यात जुलैत दिवस सव्वासातपर्यंत असतो, नोव्हेंबरअखेर सहालाच मावळतो. मेस साडेसातला उघडते. म्हणजे थंडीत ती उपाशी राहणार किंवा बिस्किटांवर. मेसवाल्याला साडेपाचला डबा काढून ठेवायला सांगता येतं, पण एकटीने मागितलं की तो टाळतो, तिघींनी मिळून सांगितलं की ऐकतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. हल्ली तो फेब्रुवारीच्या आसपास येतो, म्हणजे रोजा धरणाऱ्या मुलीला सहरी, म्हणजे रोज्याआधीचं खाणं, पहाटे साडेपाचच्या आत उरकायला हवी. गजर फोनच्या कंपनावर, उशीखाली. थर्मास रात्रीच भरलेला. ट्यूबलाइट न लावता टेबलावरचा दिवा.

आई, जवळ्याची चटणी नक्की दे, पण घट्ट फिरकीच्या काचेच्या बरणीत, वरून दोन पिशव्या. ती खोलीत उघडायची नाही. मेसमध्ये, वेगळ्या वाटीत, वेगळ्या चमच्याने. आणि लपवून तर अजिबात नको, वास काही लपत नाही.

आमच्या आवारात अंध मुलीही राहतात. त्यांचा हात धरून ओढायचं नाही. आपलं नाव सांगायचं, मदत हवी का विचारायचं आणि हवी म्हणाली तर आपलं कोपर पुढे करायचं. ती धरते आणि अर्धं पाऊल मागे चालते. निघताना "मी जाते" म्हणायचं, नाहीतर ती रिकाम्या जागेशी बोलत राहते. परीक्षेत त्यांना तासाला २० मिनिटं जादा मिळतात, तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक साधारणपणे खालच्या वर्गातला लागतो, म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलींना विचारणा होते. सई हो म्हणाली तर आठवडाभर आधी अर्धा तास सराव करावा. उत्तर स्वतःहून 'सुधारायचं' नाही. आणि पेपरच्या दिवशी सकाळी नाही म्हणायचं नाही. तसं केलं तर समोरचीचं वर्ष जातं.

दादाने ॲडमिशनला सही केलेला रॅगिंगविरोधी कागद २००९ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांचा आहे. २०१६ पासून जात, धर्म, भाषा, प्रांत, दिसणं, गरिबी यांवरून केलेला छळही त्यात धरतात. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. सईच्या फोनमध्ये घालून ठेवा.

आई, खाजं आणशीलच. त्यात आलं असतं आणि आलं कंद असल्यामुळे जैनांना चालत नाही. सुंठ बहुतेक घरांत चालते. खोलीतली नावं कळली की फोन करते. तेव्हा त्या मुलीला विचारून, लागलं तर थोडं सुंठीचं वेगळं बांध.

तुमची,
माई