परदेशी अंजिराच्या काड्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गच्चीवरच्या परदेशी अंजिरांवर लेख आला होता, तो मी इथे सॅन होजेत ई-पेपरवर वाचला. लेख तसा छान होता, फोटो तर झकासच. पण त्यात ‘ब्लॅक मदेरा’ ही जात कुंडीत सहज येते आणि वर्षाच्या आत फळ देते असं एक वाक्य होतं, त्या एका वाक्याने माझ्या डोक्याला ताप झालाय. सोमवार सकाळपर्यंत पुण्याहून तीन मेसेज. पहिला भाच्याचा, "आत्या, डिसेंबरात येतेयस ना, दोन काड्या आण ना, बॅगेत कोणाला दिसणारेत". दुसरा मैत्रिणीच्या सुनेचा, आणि तिसरा अशा एका नातेवाइकांचा की ज्यांना चार वर्षांत माझी आठवण झाली नव्हती. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा तुम्हालाच लिहिते, छापलंत तर बरं.

माझ्याकडे हे झाड आहे. जानेवारी २०१९ पासून. आणि मी अंजिराला नवखी नाही, माझं माहेर सासवडजवळचं, अण्णांची चाळीसेक झाडं होती, चीक लागून हाताला फोड कसे येतात आणि मग उन्हात गेलं की ते कसे काळे पडतात हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहितीय. म्हणूनच इथे आल्यावर वाटलं होतं की अंजीर काय, काडी खोचली की झालं.

तर आधी काडीचीच गोष्ट. पहिली मी ऑनलाइन मागवली, पस्तीस डॉलर मोजले, हो, एका वीतभर काडीचे, आमचे हे अजून ऐकवतात. ती लागली, भराभर वाढली, दुसऱ्या वर्षी फळ आलं तेव्हा कळलं की हे साधं ब्राउन टर्की, जे इथल्या कुठल्याही नर्सरीत मिळतं. विकणाऱ्याला लिहिलं तर उत्तरच नाही. मग एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की कॅलिफोर्निया रेअर फ्रूट ग्रोअर्स म्हणून हौशी फळवाल्यांची संस्था आहे, त्यांचा दर जानेवारीत काड्यांचा मेळावा भरतो, लोक आपापल्या बागेतल्या छाटलेल्या काड्या आणून टेबलांवर ठेवतात आणि ज्याला जी हवी ती तो उचलतो. तिथे मिळाली. डेव्हिसजवळ विंटर्सला सरकारी अंजिरांचा मोठा संग्रह आहे, इथल्या बऱ्याच ब्लॅक मदेराचं मूळ तिथलं. (इथल्या फ्रेस्नो शहराच्या वर मदेरा नावाचं गाव आहे आणि तिथे अंजिराच्या बागाही आहेत, पण याचं नाव त्या गावावरून नाही, पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून आहे. मीही आधी फसले होते.)

काडीला मुळं फुटायला सात आठवडे लागले. कपड्यांच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पारदर्शक ग्लासात, ओल्या कोकोपीटमध्ये, आणि मी रोज सकाळी टॉर्च घेऊन बघायची. तिच्याबरोबर तुलनेला म्हणून ब्राउन टर्कीची काडी लावली होती ती तीन आठवड्यांत ग्लास भरून मोकळी. पहिल्या वर्षी वाढ किती, तर माझ्या एका वीतीएवढी. पानं आली ती वाकडी, मध्येच पिवळट डाग, काही पानं तर अशी की कोणीतरी कात्री चालवलीय. मला वाटलं खत कमी पडलं, शेणखत घातलं, मग वाटलं पाणी जास्त झालं, मग कुंडी हलवली. काहीच नव्हतं तसं. त्याला मोझॅक व्हायरस आहे. आणि हा रोग बाहेरून आलेला नाही बरं का, काडीतच असतो, काडीबरोबरच येतो, आणि त्याच्यावर औषध नाही. झाड सावकाश वाढतं ते बऱ्याच अंशी यामुळेच. एका झाडावरून दुसऱ्यावर कोळी नावाचा डोळ्याला न दिसणारा किडा तो पसरवतो. आता भाच्याने दोन मिनिटं विचार करावा की अशी काडी सुटकेसमधून आणून सासवडच्या अंजिरांच्या शेजारी गच्चीवर ठेवायची म्हणजे काय.

२०२० ला पहिली फळं धरली. हरभऱ्याएवढी झाली आणि गळली, सगळी, एकही राहिलं नाही. त्या सप्टेंबरात इथे वणव्यांच्या धुराने एक दिवस आकाश सकाळीच केशरी झालं होतं, दिवे लावून बसलो होतो, तर धुराने गळली की झाडाच्या नखऱ्यांनी ते देवच जाणे. शेजारच्या काकांनी छातीठोकपणे सांगितलं की तुमच्याकडे गांधीलमाशी नाही म्हणून गळतात. त्यांचं अर्ध बरोबर होतं. तुर्कस्तानच्या स्मर्ना जातीच्या अंजिराला खरंच एक बारीकशी माशी लागते, अंजिराच्या तळाच्या डोळ्यातून ती आत शिरते आणि आतल्या फुलांना पराग लावते, ती नसेल तर फळ गळतं. कॅलिफोर्नियात ही झाडं आणून लावली आणि वर्षानुवर्षं फळच धरेना, शेवटी १८९९ मध्ये फ्रेस्नोकडे ती माशी रुजली तेव्हा कुठे गाडी चालू झाली. पण ब्लॅक मदेराला माशी लागत नाही, आणि आपल्या पुरंदरच्या अंजिरालाही लागत नाही. त्यामुळे ‘अंजिरात मेलेली माशी असते, ते शाकाहारी नाही’ असा जो मेसेज दर चातुर्मासात फिरतो तो आपल्या ताज्या अंजिराला तरी लावू नका. आपण उंबराचं फूल कोणी पाहिलंय म्हणतो ना, अंजीरही त्याच कुळातलं, अख्खं फळ म्हणजे आत वळलेली फुलंच.

२०२१. अकरा फळं. मी मोजायची रोज. जुलै गेला, ऑगस्ट गेला, ब्राउन टर्की खाऊन कंटाळा आला आणि ही आपली सुपारीएवढी, हिरवी, टणक, ढिम्म. या जातीला मोठा, तापलेला उन्हाळा लागतो आणि आमच्या सॅन होजेत उन्हाळ्यातही रात्री शाल लागते, तापणाऱ्या फ्रेस्नोसारखं नाही. कोणीतरी सांगितलं फळाच्या डोळ्याला ऑलिव्ह ऑइलचा थेंब लाव, लवकर पिकतं. लावलं, आणि खरंच आठवड्यात फुगलं, मऊ झालं, पण चव अगदी पाणचट, घाई केल्याची शिक्षा. दोन फळं वाया घालवल्यावर तो नाद सोडला. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात एकाने देठाजवळ मान टाकली, सालीवर बारीक पांढऱ्या भेगा पडल्या, डोळ्यात मधासारखा एक थेंब आला, तेव्हा तोडलं. अंजीर तोडल्यावर पिकत नाही, झाडावरच पिकू द्यावं लागतं, म्हणून तर इतकी वाट. अशी चार खाल्ली. आणि त्याच महिन्याच्या शेवटी इथे असा काही पाऊस कोसळला की उरलेली पाच एका रात्रीत तडकली, सकाळी आंबूस वास आणि चिलटं.

आता ती चार कशी होती ते सांगते नाहीतर म्हणाल रडतेच आहे. बाहेरून जांभळं-काळं, कापलं की आत गडद लाल, मोरावळा आटवावा तसं घट्ट, आणि नुसतं गोड नाही, एक आंबट झाक. माझ्या मुलीने अर्धं खाल्लं आणि काही बोललीच नाही, दुसरं अर्धं माझ्या हातातून घेतलं. तर चवीबद्दल तुमच्या लेखात जे लिहिलंय त्यात एक अक्षर खोटं नाही.

आता सात वर्षांनी झाड माझ्या कमरेएवढं आहे, अजून कुंडीतच, कारण इथे गोफर नावाचे घुशीसारखे प्राणी जमिनीखालून अंजिराची मुळं कुरतडतात. जूनमध्ये पाच-सहा पानांवर शेंडा खुडते, पाणी अगदी नेमाने, एक दिवस जास्त एक दिवस कमी असं चालत नाही, लगेच फळं टाकतं. नत्राचं खत जवळजवळ बंदच केलंय, नाहीतर नुसता पाला. गेल्या हंगामात एकवीस फळं मिळाली. सात वर्षांत ही सगळ्यात मोठी तोडणी!

पुण्यात काय होईल? माझा अंदाज सांगते, शास्त्रज्ञ नाही मी. जी जात ऑक्टोबरच्या एका पावसाने तडकते ती आपल्या जून ते सप्टेंबरच्या पावसात काय करणार. आपल्याकडे अण्णांसारख्या लोकांनी पावसाशी जुळवून घेत झाडाला पाण्याचा ताण देऊन, छाटणी करून, खट्टा बहार थंडीत आणि मीठा बहार उन्हाळ्याच्या तोंडाशी असं गणित बसवलं, तरी दमट हवेत तांबेरा रोग सोडत नाही. त्या पुरंदरच्या अंजिराला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, २०२४ ला त्याचा ज्यूस पोलंडला गेला. आणि आपण गच्चीवर काय लावायचं तर मदेरा. लावा, ना नाही, पण लेखात सात वर्षं लिहा.

आणि काड्या बॅगेत टाकून आणायला कायद्याने बंदी आहे हे तर लेखात यायलाच हवं होतं. भारत सरकारच्या २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे परमिट लागतं, इथल्या अमेरिकन सरकारचं रोगमुक्तीचं सर्टिफिकेट लागतं. ते माझ्या झाडाला कोण देणार, पानं बघूनच हसतील. घरातल्या घरात काड्या घालणारे आपल्याकडे आधीच भरपूर आहेत, त्यात मी अमेरिकेतून आणखी आणायला नको.

भाच्याला कळवलंय. डिसेंबरात येईन तेव्हा खट्टा बहार चालू असेल, त्याने फक्त गाडी घेऊन एअरपोर्टला यावं. दिवे घाट चढून वर आलं की रस्त्याच्या कडेला पाट्या घेऊन बायका बसतात, खाली अंजिराचीच पानं अंथरलेली, तिथे थांबायचं. पैसे मी देईन.

आपली नियमित वाचक,
सासवडची एक माहेरवाशीण,
सॅन होजे, कॅलिफोर्निया