मुलांची षटके कोण मोजणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काल आपल्या क्रीडा पानावर वेगवान गोलंदाजांच्या ‘वर्कलोड’विषयी, म्हणजे त्यांच्यावर पडणाऱ्या गोलंदाजीच्या भाराविषयी, जो लेख आला, तो मी दोनदा वाचला. दुसऱ्या वाचनानंतरही मनातला राग उतरला नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आजचे गोलंदाज नाजूक झाले आहेत, षटके मोजत बसणे हे नवे फॅड आहे, कपिल देव दिवसभर गोलंदाजी करून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहत आणि बुमराहने मात्र इंग्लंडमध्ये पाचपैकी तीनच कसोटी खेळून संघाला वेठीस धरले, असा लेखकांचा एकंदर सूर आहे. त्यांनी अनेक वर्षे क्रिकेट पाहिले आहे याविषयी मला शंका नाही. परंतु पंधरा वर्षांच्या गोलंदाजाला सकाळी अंथरुणातून उठताना त्यांनी पाहिले नसावे. मी ते रोज पाहत होतो.

आधी बुमराहविषयी. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने पाच कसोटींत १५१.२ षटके टाकून ३२ बळी घेतले. त्यांपैकी ५३.२ षटके एकट्या मेलबर्नच्या कसोटीत टाकलेली होती, आणि ती संपून आठवडा होण्याच्या आत सिडनीत त्याच्या पाठीने दगा दिला. तिथल्या दुसऱ्या डावात त्याला एकही चेंडू टाकता आला नाही, पुढे चॅम्पियन्स करंडकालाही तो मुकला. याच पाठीवर मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झालेली होती. अशा गोलंदाजाला २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात तीनच कसोटी खेळवायच्या हे दौऱ्याआधीच ठरले होते आणि जाहीरही झाले होते. त्यात वेठीस धरण्यासारखे काय होते, हे मला समजलेले नाही.

लेखकांनी त्याच्यासमोर मोहम्मद सिराजला उभे केले आहे. सिराजने त्या मालिकेत पाचही कसोटी खेळून १८५.३ षटके टाकली, २३ बळी घेतले, आणि ओव्हलवर अवघ्या सहा धावांनी मिळालेल्या विजयाचा शेवटचा बळीही त्याचाच होता. तो चेंडू मी घरात उभा राहून पाहिला आणि माझे डोळे भरून आले. पण सिराज त्या वेळी ३१ वर्षांचा होता. रणजी पदार्पण त्याने २०१५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी केले आणि त्याआधीची बरीच वर्षे तो हैदराबादमध्ये टेनिस चेंडूवर खेळत होता. म्हणजे ज्या वयात आपल्याकडे होतकरू गोलंदाजांच्या कमरेचे वाटोळे होते, त्या वयात लेदर चेंडूच्या दोन-दोन, तीन-तीन दिवसांच्या सामन्यांचा भार त्याच्या अंगावर फारसा पडलेला नव्हता. एका उदाहरणावरून नियम निघत नाही हे मला मान्य आहे. लेखकांनीही तो काढू नये.

कपिल देवांबद्दल माझ्या मनात लेखकांइतकाच आदर आहे. १३१ कसोटी सामने खेळून दुखापतीमुळे एकही कसोटी न चुकवणे ही असामान्य गोष्ट आहे. पण एक कपिल देव टिकले म्हणून त्या काळचे सगळेच टिकले, असे कसे म्हणता येईल? जे सोळाव्या-सतराव्या वर्षीच मोडून बाजूला झाले, त्यांची नावे विक्रमांच्या कोणत्याच पुस्तकात नसतात, त्यामुळे लेख लिहिताना ती कोणाला आठवतही नाहीत. तशांपैकी एक मुलगा माझ्या घरात आहे.

माझा मुलगा आठ वर्षांपूर्वी, पंधरा वर्षांचा असताना, शाळेकडून आणि एका क्लबकडून खेळत असे. उजव्या हाताने जलद टाकायचा, उंच होता, चेंडू चांगला उसळायचा. अशा मुलाच्या हाती कर्णधार सकाळी नवा चेंडू देतो आणि मग गडी बाद होत नाहीत म्हणून, किंवा होत आहेत म्हणून, दिवसभर तो काढून घेत नाही. त्या डिसेंबरात शालेय स्पर्धेचा उपांत्य सामना, मध्ये क्लबचा एकदिवसीय सामना आणि मग शालेय अंतिम सामना असे तीन सामने आठ दिवसांत आले. मॅटखाली सिमेंट, पुढचा पाय टेकायचा तिथली जमीनही दगडासारखी. मी कचेरीतून रजा काढून झाडाखाली बसून पाहत होतो आणि प्रत्येक बळीला टाळ्या वाजवत होतो, हेही सांगितले पाहिजे. दोन सामन्यांच्या मधल्या दिवशी विश्रांती मिळते, असा माझा समज होता. प्रत्यक्षात त्या दिवशी नेटमध्ये फलंदाजांना सराव हवा म्हणून तासभर गोलंदाजी करायला त्यालाच लावले जात असे.

अंतिम सामन्याच्या आधीच्या रात्री तो बुटांची नाडी बांधायला खाली वाकेना. पाय जिन्याच्या पायरीवर ठेवून बांधू लागला. मी विचारले तेव्हा म्हणाला, ‘बाबा, सरांना सांगू नका, नाहीतर उद्या नवा चेंडू दुसऱ्याला देतील.’ मी तरीही सकाळी सरांशी बोललो. त्यांनी मला समजावले की फास्ट बोलरची कंबर दुखायचीच, दुखते आहे याचा अर्थ पाठ लावून टाकतो आहे. तेल लावा, शेक द्या. त्या दिवशी त्याने २५ षटके टाकली. सामना जिंकला, छायाचित्र निघाले आणि पुढचे दोन महिने तेल आणि शेक चालू राहिले. एक्स-रे काढला, त्यात काहीच दिसले नाही, तेव्हा सर म्हणाले की मुलगा मनाने खचला आहे.

अखेर आम्ही मोठ्या शहरात एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याला डाव्या पायावर उभे करून मागे वाकायला सांगितले आणि तो ओरडला. एमआरआयमध्ये पाचव्या कंबरमणक्याच्या डाव्या बाजूला ताणाने गेलेला तडा स्पष्ट दिसला. उजव्या हाताच्या गोलंदाजाला तो बहुधा डावीकडेच पडतो, हे मला त्या दिवशी कळले. डॉक्टरांनी मग एक साधा प्रश्न विचारला, ‘आठवड्याला किती चेंडू टाकतोस?’ त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मुलाकडे नव्हते. दवाखान्याच्या बाहेर येऊन मी सरांना फोन केला, त्यांनाही सांगता आले नाही. गुणवह्या स्पर्धा संपल्यावर कुठे गेल्या, हे कोणालाच ठाऊक नव्हते. घरी आल्यावर मी कौतुकाने कापून ठेवलेली आपल्याच वृत्तपत्राची तीन कात्रणे काढली आणि त्यांवरून बेरीज केली. २६, १० आणि २५. आठ दिवसांत ६१ षटके, म्हणजे ३६६ चेंडू, आणि त्यांत वाइड, नोबॉल व नेटमधली गोलंदाजी धरलेली नाही. पंधराव्या वर्षी.

तीन महिने पट्टा, मग व्यायाम, मग हळूहळू धावणे हे सर्व त्याने नेमाने केले. वर्षभराने पुन्हा चेंडू हातात घेतला तेव्हा दुसऱ्या आठवड्यात तेच दुखणे उलटले. आज तो २३ वर्षांचा आहे आणि नोकरी करतो. त्यानंतर त्याने जलद गोलंदाजी केलेली नाही.

लेखक ज्याला नाजूकपणा म्हणतात, तो वाढत्या हाडाचा स्वभाव आहे. कंबरेच्या मणक्यांचे हाड विशीनंतरही काही वर्षे पुरते पक्के झालेले नसते. गोलंदाजाचा पुढचा पाय टेकतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार अंगात चढतो, त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, बाजूला कललेली आणि पिळलेली असते. कमरेची दिशा एक आणि खांद्यांची दुसरी अशी शैली असेल, तर धोका आणखी वाढतो. मुलांना कापसात गुंडाळून ठेवा, असे मी म्हणत नाही. नियमित आणि बेताने टाकत राहिल्यानेच हाड बळकट होते. घात होतो तो एकाएकी वाढलेल्या भाराने. हे मोठ्यांनाही लागू आहे. २०२५ ची आयपीएल ३ जूनला संपली आणि त्याच इंग्लंड दौऱ्यातली लीड्सची पहिली कसोटी २० जूनला सुरू झाली. दोन महिने सामन्यागणिक चार षटके टाकणाऱ्या गोलंदाजाकडून १७ दिवसांनी डावात वीस-पंचवीस षटकांची अपेक्षा केली जाते, आणि तो थकला की त्याच्या जिद्दीवर लेख येतो.

पॅट कमिन्सचे उदाहरण लेखकांनी घ्यायला हवे होते. नोव्हेंबर २०११ मध्ये, अठराव्या वर्षी, जोहान्सबर्गला पहिल्या कसोटीच्या दुसऱ्या डावात त्याने सहा बळी घेतले आणि तो सामन्याचा मानकरी ठरला. दुसरी कसोटी तो थेट मार्च २०१७ मध्ये आपल्या रांचीत खेळला. मधली सव्वापाच वर्षे पाठीच्या आणि इतर दुखापतींत गेली, पण त्याच्या मंडळाने त्याला सोडले नाही आणि घाईही केली नाही. रांचीत त्याने एका डावात ३९ षटके टाकली. आपल्याकडे कमलेश नागरकोटीने २०१८ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात ताशी १४५ किलोमीटरच्या पुढे चेंडू टाकला, लगेच आयपीएलमध्ये कोट्यवधींची बोली लागली आणि पायाच्या व पाठीच्या दुखापतींत पुढचे दोन हंगाम गेले. मयंक यादवने २०२४ मध्ये, २१ व्या वर्षी, १५६.७ चा वेग गाठला, त्यावर आपण पाऊण पान दिले होते. त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली त्याची बातमी मला आपल्या अंकात शोधावी लागली.

करारबद्ध गोलंदाजांच्या चेंडूंची नोंद भारतीय क्रिकेट नियामक मंडळ आता ठेवते, बंगळुरूच्या केंद्रात त्यासाठी माणसे आहेत. हे चांगलेच आहे. पण तिथे पोहोचेपर्यंत बहुतेकांच्या कमरेचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. सोळा वर्षांखालील स्पर्धांसाठी मंडळ मुलांच्या मनगटाच्या हाडाचा एक्स-रे काढते, तो वय चोरले आहे का हे पाहण्यासाठी. एवढी यंत्रणा उभी करता येते, तर त्याच मुलाला एक साधे कार्ड देऊन त्यावर शाळा, क्लब, जिल्हा आणि नेट यांतला प्रत्येक चेंडू लिहायला लावणे अवघड नाही. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात वयोगटानुसार एका स्पेलमध्ये (सलग टप्प्यात) व एका दिवसात किती षटके टाकू द्यायची, याची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. माझा मुलगा खेळला त्या शालेय स्पर्धेच्या नियमावलीत असे एकही कलम नव्हते. मी ती नंतर मिळवून वाचली. पंच दिवसभर शेजारी उभे राहून त्याचा पुढचा पाय रेषेच्या आत पडतो की नाही हे पाहत होते, पण एकविसाव्या षटकाला ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार त्यांना नव्हता. तो द्यावा, एवढी माझी मागणी आहे.

आता एक तक्रार आपल्याविषयीही. ज्या कात्रणांवरून मी ती बेरीज केली, तसे धावफलक आपण गेल्या काही वर्षांत छापणेच बंद केले आहे. शालेय आणि जिल्हा सामन्यांचे आता फक्त निकाल येतात, फार तर शतकवीराचे छायाचित्र. षटके, निर्धाव, धावा आणि बळी हे चार आकडे म्हणजे जागेचा अपव्यय आहे, असे आपल्या कार्यालयातून मला दूरध्वनीवर सांगण्यात आले. महाशय, तालुक्याच्या गावातल्या मुलाने किती गोलंदाजी केली याची तेवढीच एक छापील नोंद उरत असे, आणि ती कोणीही मोजू शकत असे. आयपीएल लिलावाच्या पानातील बोटभर जागा त्यासाठी पुन्हा द्यावी, ही विनंती. कालच्या लेखाच्या लेखकांना ती तीन कात्रणे पाहायची असतील, तर प्रती पाठवण्याची माझी तयारी आहे. गोलंदाजीचे चारही रकाने त्यांत आहेत.

आपला,
एका गोलंदाजाचा वडील
(नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये.)