पाणीपातळीचं ॲप ऐन पुरात का अडतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर, हा कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न. पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकली की सगळेच फोन काढतात, आणि नेमकं तेव्हाच अशा ॲपवर चक्र फिरत राहतं. मग ‘सर्व्हर वाढवा’ अशी ओरड होते. हा उपाय बऱ्याचदा अंगाशी येतो.

कोंडी डेटाबेसपाशी, म्हणजे आकडे जिथे साठवलेले असतात तिथे असते. पोस्टग्रेस हा डेटाबेस मूळ सेटिंगवर एका वेळी 100 कनेक्शन घेतो. प्रत्येक सर्व्हर 20 कनेक्शन अडवून बसला तर पाचातच कोटा संपतो. सहावा आणून उपयोग काय? त्यात उत्तर आलं नाही म्हणून ॲप दर 5 सेकंदांनी पुन्हा विचारत असेल, तर एक लाख फोनांच्या सेकंदाला 20 हजार रिक्वेस्ट होतात. तेही सगळ्यांना सारख्याच असलेल्या एका आकड्यासाठी!

तो आकडा कॅशमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या हाताशी असलेल्या तात्पुरत्या साठ्यात, 60 सेकंद ठेवला की डेटाबेसला मिनिटाला एकदाच विचारावं लागतं. मात्र मुदत संपताच सगळ्या रिक्वेस्ट एकदम डेटाबेसवर तुटून पडतात. म्हणून नवा आकडा एकीलाच आणू द्यावा, तोवर बाकीच्यांना जुना द्यावा. फोननेही 2, 4, 8, 16 सेकंद असं थांबत विचारावं आणि त्यात थोडा रँडम फरक ठेवावा, नाहीतर सगळे एका तालात थांबतात नि एका तालात परततात.

‘पातळी वाढली, ॲप उघडा’ हे नोटिफिकेशन म्हणजे गर्दीला आवतणच. आकडाच त्यात घाला. एफसीएम या गुगलच्या नोटिफिकेशन सेवेची मर्यादा 4096 बाइटची आहे. देवनागरीत अक्षर, काना, मात्रा प्रत्येकी 3 बाइट खातात, तरी ‘राजाराम बंधारा 41 फूट 3 इंच, पहाटे 5’ एवढं सहज मावतं.

सगळ्यात घातक चूक वेळेची. ‘आत्ताच अपडेट’ ही अनेकदा फोनने माहिती ओढल्याची वेळ असते, बंधाऱ्यावर मोजल्याची नव्हे. कॅशमध्ये अडकलेले पहाटेचे 41 फूट दुपारी ‘आत्ताच’ म्हणून दिसले, तर पाणी 43 फुटांची धोका पातळी ओलांडून गेलं तरी चिखली-आंबेवाडीतला शेतकरी जनावरं हलवायला थांबून राहील. मोजणीची वेळ आकड्यासोबतच साठवावी, आणि नोंद दोन तासांपेक्षा जुनी असेल तर ॲपने तसं ठळक लिहावं.

आपले,
ॲपचे सर्व्हर सांभाळणारे काही वाचक, कोल्हापूर