रविवारी गॅरेजच्या दारांच्या स्प्रिंग बदलणार

सर्व सभासदांना कळवण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी १० वाजता सामायिक गॅरेजच्या दोन्ही दारांच्या टॉर्शन स्प्रिंग (पीळ देऊन ताण भरलेल्या, दाराचे वजन पेलणाऱ्या स्प्रिंग) बदलायच्या आहेत. गाड्या शनिवारी रात्रीच बाहेर काढा. मुलांना तिकडे पाठवू नका.

मदतीला येणाऱ्यांसाठी:

• मोटरचा प्लग काढलेला, दार पूर्ण बंद आणि रोलरच्या लगेच वर रुळाला लॉकिंग पक्कड लावलेली हवी. नाहीतर ताण भरताना दार अचानक वर उसळते.

• पिळण्यासाठी कोनच्या (स्प्रिंगच्या टोकाला बसवलेल्या शंकूसारख्या धातूच्या तुकड्याच्या) भोकात नेमक्या बसणाऱ्या दोन पोलादी सळ्याच घ्या. स्क्रूड्रायव्हर अजिबात नको. तो भोकात डुगडुगतो, निसटतो आणि मनगट मोडतो. एक सळी तळापर्यंत टेकल्याशिवाय दुसरी काढू नका. तोंड कोनच्या रेषेत नको, चष्मा हवाच.

• ७ फूट उंच दाराला साधारण साडेसात फेरे लागतात. स्प्रिंगवरच्या रंगीत रेघेवरून ते मोजा.

• खालच्या कोपऱ्यातल्या ब्रॅकेटला, जिथे केबल अडकते, ताण असताना हात लावू नका.

शेवटी मोटर न जोडता दार कमरेइतके उचलून पाहा. खाली घसरले तर ताण पाव फेरा वाढवा, वर पळाले तर पाव फेरा कमी करा. प्रत्येक वेळी आधी दार बंद करून पक्कड पुन्हा लावा.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत सचिवांना नाव द्यावे.