प्लॅन वाढवायच्या आधी एकदा वायर लावून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सगळीकडे ३०० एमबीपीएस, ५०० एमबीपीएस, १ जीबीपीएस (म्हणजे हजार एमबीपीएस) असल्या इंटरनेट प्लॅनच्या जाहिराती चालू आहेत आणि लोकं धडाधड घेतायत पण, म्हणून हे पत्र लिहितोय. मी घरोघरी, दुकानात, दवाखान्यात लॅनचं, म्हणजे आतल्या आत नेट पोचवणाऱ्या केबलचं, वायरिंग करायची आणि राउटर बसवायची कामं करतो. नेट स्लो झालं की माणूस पहिलं काय करतो तर मोठा प्लॅन घेतो, महिन्याला दोन-चारशे रुपये जास्त जातात आणि बेडरूममध्ये व्हिडिओ अडकायचा तो अडकतोच. कारण बऱ्याचदा अडचण प्लॅनमध्ये नसतेच, घरात असते. आणि हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही याचा मला मनापासून राग येतो, कारण भुर्दंड बसतो तो ज्याला यातलं काही कळत नाही त्यालाच.

वाय-फाय म्हणजे इंटरनेट नाही, एवढं जरी लोकांच्या डोक्यात बसलं तरी निम्मं काम होईल. वाय-फाय म्हणजे तुमचा मोबाईल आणि घरातला राउटर यांच्यातला संपर्क, बास. राउटरपासून फायबरने (काचेच्या बारीक तारेने, जिच्यातून उजेड जातो) कंपनीपर्यंत हा दुसरा टप्पा, आणि कंपनीपासून त्या वेबसाईटच्या सर्व्हरपर्यंत, जो मुंबईत पण असू शकतो आणि अमेरिकेत पण, हा तिसरा. जास्त पैसे भरून वेग वाढतो तो फक्त मधल्या टप्प्याचा.

आता पहिल्या टप्प्यात काय काय होतं बघा. राउटरचे साधारण दोन बँड, म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे, असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ वाला भिंतीतून लांबपर्यंत जातो पण त्यात एकमेकांच्या आड न येणारे चॅनेल (पट्ट्यातले छोटे भाग) तीनच, १, ६ आणि ११. चाळीस फ्लॅटची बिल्डिंग असेल तर चाळीस राउटर त्या तीन चॅनेलवर एकमेकांच्या बोलण्यात बोलत असतात, कुणाचंच धड ऐकू जात नाही. ५ वाला फास्ट आहे, त्यात जागा पण भरपूर, पण दोन भिंती मध्ये आल्या की गळपटतो. आणि राउटर कुठे असतो, तर दाराच्या वर कोपऱ्यात नाहीतर टीव्हीच्या मागे कपाटात, कारण लाइनमनची वायर तिथपर्यंतच पुरली. तोच राउटर पॅसेजमध्ये उघड्यावर आणला, जवळच्या खोल्यांत मोबाईल ५ वर जोडला, तर एक रुपया न वाढवता फरक पडतो, हे मी कितीतरी घरात करून दाखवलंय.

याच्याहून वाईट प्रकार पोर्टचा, म्हणजे राउटरला वायर जिथे खोचतात त्या खाचेचा. जुन्या आणि स्वस्तातल्या बऱ्याच राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात, म्हणजे ३०० चा प्लॅन घ्या नाहीतर १ जीबीपीएसचा, त्या पोर्टातून ९०-९५ च्या वर काही येणारच नाही. वायरचं पण तसंच. लॅनच्या केबलमध्ये ८ तारा म्हणजे ४ जोड्या असतात, १०० साठी त्यातल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. क्रिम्पिंग करताना, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवताना, एखादी तार नीट बसली नाही तर बऱ्याचदा लिंक गुपचूप १०० वर येते, नेट चालूच असतं त्यामुळे कुणाला पत्ताच लागत नाही आणि बिल मात्र ३०० एमबीपीएसच्या प्लॅनचं येत राहतं.

अजून एक, १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर डाउनलोड १२ च्या आसपास दिसतं म्हणून फसवलं असं खूप जण म्हणतात, तर तसं नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि डाउनलोड बहुतेक मेगाबाइटमध्ये दाखवतात, ८ बिटचा १ बाइट, म्हणजे १०० ला ८ ने भागायचं, साडेबारा. हिशोब बरोबर आहे.

दुसऱ्या टप्प्यात मात्र कंपनीलाच विचारायचं. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला म्हणजे फायबरमधून उजेडच पोचत नाहीये, तिथे राउटर शंभरदा बंद-चालू करून काही होत नाही, कंप्लेंटच करा. जीपीओएनमध्ये, म्हणजे एक फायबर बऱ्याच घरांत वाटून द्यायच्या पद्धतीत, एका फायबरचे साधारण अडीच जीबीपीएस ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, तेव्हा रोज रात्री ठरावीक वेळेलाच वेग पडत असेल तर आमच्या फायबरवर किती घरं आहेत हे नक्की विचारा.

आणि तिसरा टप्पा ना तुमच्या हातात ना कंपनीच्या. ४ ऑक्टोबर २०२१ ला आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सगळं सहा-एक तास बंद पडलं होतं, कारण त्यांच्याच नेटवर्कच्या देखभालीत एक चुकीची कमांड गेली आणि त्यांच्या सर्व्हरकडे जायचे रस्तेच बाकीच्या इंटरनेटवरून पुसले गेले. त्या रात्री लोकं मला फोन करून राउटर खराब झाला म्हणत होती. दुसरी एखादी साईट उघडून बघितली असती तर लगेच कळलं असतं.

मुळात लागतं तरी किती? ४के पिक्चरला १५ ते २५ एमबीपीएस, साध्या व्हिडिओ कॉलला दोन-तीन. मुलं परदेशात आणि घरात दोघंच म्हातारी माणसं, त्यांच्या गळ्यात ३०० एमबीपीएसचा प्लॅन मारायचा आणि राउटर कपाटातच ठेवायचा, हे बरोबर नाही. सरकारने २०२३ साली ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून (साधारण अर्ध्या एमबीपीएसवरून) २ एमबीपीएस केली ते चांगलंच झालं, पण घरात शेवटच्या खोलीत काय पोचतं याची जबाबदारी पण कुणीतरी घ्यायला पाहिजे.

माझी मागणी साधी आहे. नवीन कनेक्शन देताना किंवा प्लॅन वाढवताना कंपनीच्या माणसाने आधी लॅपटॉपला वायर लावून वेग दाखवावा, मग प्रत्येक खोलीत वाय-फायवर दाखवावा, आणि दोन्ही आकडे, शिवाय राउटरचा पोर्ट किती एमबीपीएसचा आहे ते, कागदावर लिहून त्यावर सही करून द्यावी. वायरवर वेग पूर्ण येत असेल आणि वाय-फायवर पडत असेल तर त्या घराला मोठा प्लॅन विकू नये, राउटरची जागा बदलून द्यावी. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. ट्रायने (दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) हे सक्तीचं करावं, आणि तोवर वाचकांनी वायरिंगवाल्याला तो दारात असतानाच हे करून दाखवायला सांगावं.

आपला,
एक नेटवर्क टेक्निशियन, नाशिक