चौकापासून दोन गल्ल्या आत

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर मला तिथल्या तिथं देता आलं नाही. बाबा शेजारी बसले होते, तुझी लेक मध्येच येऊन कॅमेऱ्यात नाक खुपसत होती, आणि मला घाईत काही बोलायचं नव्हतं. तू म्हणालास, "आई, बाबा रिटायर झाले, आता कोलंबसमध्ये तुमचं काय उरलंय? चहूबाजूंनी नुसता मका. इकडे न्यू जर्सीत एडिसनला या. देऊळ आहे, मराठी माणसं आहेत, कढीपत्ता कोपऱ्यावर मिळतो, आणि आम्ही पंधरा मिनिटांवर." तुझं सगळं खरं आहे. तू इतक्या मायेनं विचारलंस म्हणून त्या रात्री मला बरंही वाटलं. पण "नुसता मका" हे दोन शब्द काही केल्या मनातून जाईनात.

आपण १९९९ साली आलो तेव्हा तू चार वर्षांचा होतास. बाबांच्या कंपनीचं पुण्याशी नातं १९६२ पासूनचं, कोथरूडच्या कारखान्यापासूनचं. त्यामुळे कोलंबस, इंडियाना हे नाव आपल्या घरात लग्नाआधीपासून येत होतं. बाबांसाठी हे इंजिनांचं गाव. बाहेरून येणाऱ्यांसाठी ते नामवंत वास्तुकारांनी बांधलेल्या इमारतींचं गाव. अजूनही दर उन्हाळ्यात लोक बसमधून येतात, सारिनेनची चर्चं बघतात, आय. एम. पेईच्या लायब्ररीपुढे फोटो काढतात आणि परत जातात. मीही पहिली काही वर्षं शहरातच होते. वस्ती तेव्हा जेमतेम चाळीस हजार, तरी मला ते पुरत होतं.

मग नर्सिंगचं लायसन्स मिळालं आणि घरोघरी जाऊन रुग्ण बघण्याचं काम लागलं, तेव्हा कुठे मी शहराबाहेर पडले. मिरजेला नर्सिंग शिकताना वॉर्ड हेच माझं जग होतं. इथं माझा वॉर्ड म्हणजे होप, हार्ट्सव्हिल, एलिझाबेथटाउन, एडिनबर्ग, खाली सेमूर, आणि त्यांच्या मधली शेतं. एकोणीस वर्षं मी त्या रस्त्यांवर गाडी चालवली. तू शाळेत होतास, तुला आई संध्याकाळी साडेपाचला दिसायची. दिवसभर मी कुठे असायचे ते तुला मी कधी नीट सांगितलंच नाही, ही चूक माझी.

इथली गावं आपल्यासारखी नाहीत हे कळायला मला वेळ लागला. आपल्या वाळव्याकडे माणसं गावठाणात राहतात आणि शेतं शिवारात असतात. इथं उलटं. शेतकरी आपापल्या रानातच घर बांधून राहतो, म्हणजे जिकडे बघावं तिकडे वस्त्याच. गाव म्हणजे त्या वस्त्यांना जे जे लागतं ते ठेवायची जागा: चर्च, पोस्ट, पाण्याची टाकी, एलेव्हेटर म्हणजे धान्य साठवायचं उंच कोठार. १७८५ च्या कायद्यानं ही जमीन चौरसात मोजायचं ठरलं. एक मैल लांब, एक मैल रुंद असा ६४० एकरांचा तुकडा, आणि असे ३६ तुकडे मिळून एक टाउनशिप. रस्ते त्या रेघांवरच पडले. म्हणून रस्त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. रोड ६०० नॉर्थ म्हणजे मधल्या रेघेपासून सहा मैल उत्तरेला. पहिल्या हिवाळ्यात मला हे आकडे फार रुक्ष वाटायचे. मग एकदा बर्फात गाडी चरात गेली, मी फोनवर दोन आकडे सांगितले, आणि विसाव्या मिनिटाला ट्रॅक्टर माझ्यासमोर उभा होता. तेव्हापासून मी त्यांना नावं ठेवली नाहीत. (ही जमीन मोजण्याआधी इथं डेलावेर हे मूळनिवासी लोक राहत होते. १८१८ च्या तहानंतर त्यांना ती सोडून मिसिसिपीपलीकडे जावं लागलं. सरळ रेघांकडे बघताना मला तेही आठवतं, आणि तुलाही ते माहीत असावं.)

आता ज्यांच्यासाठी हे पत्र लिहायला बसले त्यांच्याबद्दल सांगते. होपच्या बाहेर एक आजोबा होते. वय ब्याऐंशी, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. मी आठवड्यातून दोनदा जायची. मला म्हणाले, "आम्ही छोटे शेतकरी, सहाशे एकर फक्त." माझ्या वडिलांची तीन एकर आठवून मी गप्प बसले. आजोबा व्यायाम करायचे नाहीत. वॉकर कोपऱ्यात, आजोबा खिडकीत, नजर बाहेर मक्यावर. सप्टेंबर होता. एक दिवस मला म्हणाले, "जाताना बांधावरची तीन कणसं मोडून आणशील? पण तीन वेगवेगळ्या ओळींतली आण."

आणली. त्यांनी सुकलेली पानं सोलली, कणीस मधोमध मोडलं, एक दाणा उचकटून काढला आणि त्याचं खालचं टोक अंगठ्याच्या नखानं खरवडलं. तिथं एक बारीक काळी रेघ होती. "ही दिसली की दाणा भरला. आता झाड त्याला काही देत नाही. आता फक्त सुकायचं." दुसऱ्या कणसात ती रेघ फिकट होती. त्यांनी ते कणीस मांडीवर ठेवलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मुलाला सांग, वरच्या तुकड्याला अजून दहा दिवस." मुलगा त्याच घरात, पलीकडच्या खोलीत होता. पण त्यांना ते माझ्याकडून जायला हवं होतं, का ते मी विचारलं नाही.

मला माझे वडील दिसले. खळ्यावर ज्वारीचा दाणा दाढेखाली धरून फोडायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, वाळली की नाही. आजोबांना मी ते सांगितलं. त्यांनी लगेच एक मक्याचा दाणा तोंडात टाकून बघितला!

दहा दिवसांनी गेले तर कंबाईन, म्हणजे काढणीचं मशिन, चालू होतं आणि आजोबा वॉकर धरून खिडकीशी उभे. वीस मिनिटं उभे होते. मी घड्याळ लावलं होतं. माझ्या कुठल्याही व्यायामानं ते इतके उभे राहिले नव्हते.

दोन वर्षांनी ते गेले, ऐन काढणीच्या तोंडावर. मुलगा एकटा, त्यात पाऊस येणार म्हणून हाकाटी झालेली. त्या शनिवारी आजूबाजूचे शेतकरी आपापली मशिनं घेऊन आले. मी सात कंबाईन मोजली. एका दिवसात रान मोकळं. बायकांनी गॅरेजमध्ये लांब टेबलं लावून जेवण मांडलं होतं, मी मोठ्या पातेल्यात मसालेभात नेला आणि पातेलं पुसून परत आलं. घरी येऊन मी बाबांना म्हटलं, "आज मी इर्जिक बघितली." बाबा पुण्याच्या पेठेतले, त्यांना शब्दच माहीत नव्हता. तुलाही नसेल. शेजाऱ्याचं काम अडलं की गावानं आपापले बैल घेऊन त्याच्या रानात उतरायचं, आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, त्याला आमच्याकडे इर्जिक म्हणतात. आमच्या गावात मी ती शेवटची पाहिली तेव्हा सातवीत होते.

तुला ७ जून २००८ चा शनिवार आठवत असेल. होपच्या बाजूनं येणारा हॉ क्रीक एका दिवसात इतका फुगला की शहरातलं हॉस्पिटलच रिकामं करावं लागलं आणि ते कित्येक महिने बंद राहिलं. आपल्या तळघरात छातीएवढं पाणी होतं. सोमवारी सकाळी दारात जी ट्रॉली उभी राहिली ती माझ्या एका पेशंटच्या जावयाची. भिजलेला गालिचा, तुझी पुस्तकं, सासूबाईंचा पाट, सगळं त्यानंच वर काढलं. तू तेरा वर्षांचा होतास आणि त्याच्याबरोबर ट्रॅक्टरवर बसायला मिळालं म्हणून खूश होतास.

मी तुला नुसतं गोड गोड लिहीत नाही. एका गावात, नाव नको, एका माणसानं मला दारात बघून दार लावून घेतलं आणि ऑफिसला फोन करून "दुसरी पाठवा" म्हणून सांगितलं. मी गाडीत बसून रडले. ते मी विसरले नाही आणि तूही विसर असं म्हणणार नाही. शिवाय ही गावं थकत चालली आहेत. १९५९ च्या कायद्यानंतर छोट्या छोट्या शाळा एकत्र केल्या गेल्या, आणि ज्या गावातली शाळा गेली त्याचा शुक्रवारचा बास्केटबॉलही गेला. मायलन नावाच्या गावाच्या शाळेत अवघी १६१ मुलं होती आणि १९५४ साली त्यांनी अख्ख्या राज्याचं अजिंक्यपद जिंकलं. म्हातारी माणसं तो शेवटचा बास्केट अजून हातानं करून दाखवतात, आमच्याकडे जसे कुस्तीच्या मैदानातला डाव दाखवतात तसे. आता मुलं शिकून बाहेर पडतात आणि येत नाहीत. तू गेलास तसेच.

आणि गोळ्या. २०१५ साली दक्षिणेला, आपल्यापासून पाऊण तासावरच्या ऑस्टिन गावात एचआयव्हीची साथ आली. चार हजारांवर वस्तीचं गाव, आणि वर्षभरात १८० पेक्षा जास्त माणसांना लागण. वेदनेवरच्या गोळ्या विरघळवून टोचून घ्यायचे, एकच सुई घरात फिरायची. एकेका घरात आजी, मुलगी, नात. स्वच्छ सुया वाटणं तोवर कायद्यात बसत नव्हतं. गव्हर्नरनं आणीबाणी जाहीर केली तेव्हा परवानगी मिळाली. माझ्या भागात इतकं झालं नाही, पण कपाटातल्या गोळ्या मोजायची सवय मला तेव्हा लागली. अशा ठिकाणी दार ठोठावणारी एक नर्स म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

म्हणून आता मूळ गोष्ट. आम्ही घर विकणार आहोत, तेवढं तुझं बरोबर. जिने मला होत नाहीत. पण आम्ही होपला एक घर बघितलंय. चौकापासून दोन गल्ल्या आत, एकमजली, मागे भाजीपुरती जागा. शहर बारा-तेरा मैलांवर, हॉस्पिटल तिकडेच. गाव दोन हजारांचं. १८३० साली उत्तर कॅरोलिनाहून आलेल्या मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ते वसवलं. त्या पंथाच्या स्मशानात थडग्यांचे दगड आडवे आणि एकाच मापाचे ठेवायची रीत आहे, सावकार असो की गडी. ख्रिसमसच्या आदल्या रात्री चर्चमध्ये सगळ्यांना गोड पाव आणि कॉफी देतात, नंतर प्रत्येकाच्या हातात लाल कागदाची झालर लावलेली मेणबत्ती. आजोबांच्या बायकोनं मला पहिल्यांदा नेलं होतं, आणि मी खाली बघत बसले, कारण मला काकड आरतीची आठवण येऊन रडू फुटत होतं. त्या आजी आता नव्वदीच्या आहेत. घर बघायला त्याच आमच्याबरोबर आल्या होत्या. मागच्या अंगणात काठी टेकवून त्यांनी माती बघितली आणि म्हणाल्या, भेंडी येईल.

बाबांचं म्हणशील तर त्यांनी आपला बेत आधीच केलाय. हिवाळ्यात ब्राउन्सटाउनजवळच्या पाणथळ रानात सँडहिल क्रौंच हजारांनी उतरतात, काढणीत सांडलेला मका वेचायला. त्यासाठी त्यांनी दुर्बीण मागवली आहे. ग्रीन्सबर्गच्या कोर्टाच्या मनोऱ्यावर जे झाड उगवलंय ते तुझ्या लेकीला दाखवायचंय त्यांना. १८७० पासून तिथं झाड आहे. आपल्याकडे देवळाच्या शिखरावर पिंपळ उगवतो तसंच, फक्त इथं त्याला कुणी उपटत नाही.

तुला वाईट वाटेल हे मला माहीत आहे. नातीपासून लांब राहायचं मलाही जड जातंय, रोज जाईल. पण एडिसनला मी तुझी आई म्हणून येईन, आणि तू कामावर गेलास की सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मी कोण? इथं मी पोस्टात गेले तरी तीन जण रक्तदाब मोजून मागतात. चर्चच्या हॉलमध्ये बुधवारी तेच करायचं माझं ठरलंय, काम सुटलं तरी हात सुटले नाहीत. हिवाळ्यातले दोन महिने आम्ही तुझ्याकडे येऊ, हा शब्द. आणि माझं काही झालंच तर तुला कळवायला या गावात दहा माणसं आहेत, त्यांचे नंबर बाबा तुला पाठवतील.

सही करण्याआधी एकदा घर बघायला ये. दिवाळीला तिघंही या, चकली भाजणीची करते, भाजणी आली आहे भारतातून. इंडियानापोलिसहून मोठ्या रस्त्यानं येऊ नकोस, शेल्बीव्हिलवरून स्टेट रोड ९ धर, सरळ होपच्या चौकात येतोस. मक्याची काढणी चालू असेल. कंबाईन समोरून आलं तर हॉर्न वाजवू नकोस, गाडी कडेला घे, ते जाऊ दे. चालवणारा स्टिअरिंगवरून दोन बोटं वर करेल, तूही कर.

सूनबाईला आणि चिमणीला आशीर्वाद.

तुझी,
आई